‘लोक बघायलेत, चमच्यानं खा ना’

मागच्या अंकात नांदेडच्या एका वाचकांचं पत्र छापलं होतं. मराठवाड्यातल्या लोकांनी आता तरी काट्या-चमच्यानं खायला शिकावं, हातानं कालवून खाणं म्हणजे मागासलेपण, बाहेरगावी गेल्यावर आपल्याच लेकरांना आपली लाज वाटते, असं त्या काकांचं म्हणणं. त्यावर इतकी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. काही जण काकांच्या बाजूनं आहेत, बरेच जण त्यांच्यावर तुटून पडलेत, आणि काहींनी वाद बाजूला ठेवून आपल्या घरातली अडचण तेवढी लिहिलीय. मला ह्या शेवटच्यांची पत्रं जास्त महत्त्वाची वाटली म्हणून त्यांनाच जागा दिलीय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, दिवाळीला मुलगा, सून, नातू पुण्याहून आले होते. सगळे मिळून संभाजीनगरला एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो. आमच्या ह्यांनी नेहमीसारखी भातावर दाल ओतून घेतली, लिंबू पिळलं आणि हातानं कालवून जेवायला लागले, तर मुलगा हळूच म्हणला, पप्पा, लोक बघायलेत, चमच्यानं खा ना. हे काहीच बोलले नाहीत. चमचा उचलला, दोन घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणून उठले. तेव्हापासून हॉटेलचं नाव काढलं की ह्यांना काहीतरी काम निघतं. दुसरीकडं घरात सासूबाई नातवाला म्हणायल्या, काय ते पोळी काट्यानं टोचून खायलंय, आईनं हातानं खायला शिकवलं नाही का तुला. झालं, सून रुसली. आता संक्रांतीला येतो म्हणायलेत पण मलाच धास्ती वाटायलीय. चुकलं कुणाचं ते सांगा. (एक आई, परभणी)

उत्तर : काकू, हॉटेलात आणि घरात चूक एकच झालीय, जेवत्या माणसाला टोकलं. आपल्याकडं जेवत्या माणसाला उठवत नाहीत, त्याच्या ताटाकडं बघत बसत नाहीत, यजमान हात जोडून म्हणतो ‘सावकाश होऊ द्या’. तुमचा मुलगा चांगल्या मनानंच बोलला असेल, त्याला वाटलं असेल की वडलांना कुणी हसू नये, पण वडलांना त्या टेबलावर परकं कुणी केलं असेल तर त्यानंच केलं, शेजारच्या टेबलावरच्यांनी नाही. त्यांचं बहुतेक लक्षसुद्धा नसेल.

आणि मुलाला एक सांगा. त्याच हॉटेलात जेवण झाल्यावर वेटर कोमट पाण्याची वाटी आणतो ना, लिंबाची फोड टाकलेली? ती कशासाठी असते? गिऱ्हाईक हातानं जेवणार हे हॉटेलवाल्यांना पक्कं माहीत असतं म्हणूनच ती येते. पंचतारांकित हॉटेलातही रोटी हातानंच तोडतात. संभाजीनगरचा नान-खलिया कुणी काट्यानं खाऊन दाखवावा, नान तोडून खलियात बुडवल्याशिवाय ती चवच लागत नाही. आपण निजामाच्या राज्यातली माणसं. हैदराबादच्या फलकनुमा पॅलेसमध्ये १०१ माणसं एका वेळी बसतील एवढं लांब जेवणाचं टेबल आहे, आणि त्याच हैदराबादेत जमिनीवर दस्तरखान अंथरून एका मोठ्या थाळ्याभोवती बसून हातानं जेवायची रीतही आहे, आणि दोन्हीकडं अदब सारखीच पाळतात.

हातानं जेवणं म्हणजे कसंही जेवणं, असा एक समज झालाय तो मला फार खटकतो. तुमच्या ह्यांना कधी नीट बघा जेवताना. मी पैजेवर सांगते की त्यांच्या तळहाताला भात लागत नसेल, बोटांच्या दुसऱ्या पेराच्या वर आमटी चढत नसेल, घास बोटांच्या टोकांवर येतो आणि अंगठा तो आत ढकलतो. डावा हात कोरडा, पाण्याच्या तांब्यासाठी आणि वाढून घ्यायला. ताटात मीठ वर मधोमध, त्याच्या डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडं भाज्या, आमटी. भाकरी खायची तर तुकडा मोडून त्यात भाजी धरायची, पूर्ण भाकरी उचलून चावायची नाही. ह्या सगळ्या मॅनर्सच आहेत, फक्त त्या कुणी लिहून लॅमिनेट करून लावलेल्या नाहीत, आईनं हातावर चापट मारून शिकवलेल्या आहेत.

इंग्रज लोकही काही जन्मापासून काटे घेऊन आलेले नाहीत. थॉमस कोर्याट नावाच्या त्यांच्या एका प्रवाशानं इटलीतले लोक जेवताना काटा वापरतात हे मोठं नवल म्हणून १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहिलं आणि स्वतः तसा जेवायला लागला, तर त्याच्याच ओळखीच्यांनी त्याची टिंगल केली. म्हणजे पैठणला एकनाथ महाराजांच्या वाड्यात पंगती उठत होत्या त्या काळात इंग्लंडात सुरी, चमचा आणि बोटं एवढंच होतं. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही. रीत काळाबरोबर बदलते, आज ज्याला हसतात तेच उद्या रीतसर होतं, एवढंच.

आता नातवाचं. सहा-सात वर्षांचं लेकरू असेल, ते जे रोज बघतं तसंच खाणार, त्यात सुनेचं काय चुकलं? सासूबाईंना सांगा टोकू नका, त्यापेक्षा त्याला शेजारी घेऊन बसा आणि गरम दुधात भाकरी चुरून काला करायला लावा. त्यात गूळ टाकू द्या. काट्यात भाकरीचा काला येत नाही, पोरगं आपोआप हात घालतं, आणि पंजीच्या हातचा पहिला घास खाल्ला की दुसरा मागतं. सुनेला मात्र त्यावरून काही ऐकवू नका. आणि मुलाला म्हणा, संक्रांतीला वडलांना परत त्याच हॉटेलात ने, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बस आणि तूही हातानं कालवून जेव. तोंडानं माफी मागायची गरज नाही, त्यांना कळेल.

प्रश्न : मी हिंगोलीचा, मेकॅनिकल डिप्लोमा करून शेंद्र्याच्या एका कंपनीत लागलोय. पुढच्या महिन्यात जर्मनीचे कस्टमर येणार आहेत आणि साहेबांनी डिनरला मलाही यायला सांगितलंय. मला काटा कुठल्या हातात धरायचा हेच माहीत नाही. यूट्यूबवर एक जण म्हणतोय डाव्या हातात, दुसरा म्हणतोय कापून झालं की उजव्या हातात घ्या. मला तर आतापासून घाम फुटायलाय. नाही म्हणून सांगू का साहेबांना?

उत्तर : अजिबात नाही म्हणू नको बाळा. साहेबांनी तुझं काम बघून बोलावलंय, ती खुर्ची सोडायची नाही.

यूट्यूबवरचे दोघंही बरोबर आहेत. युरोपात सुरी उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात, शेवटपर्यंत तसाच. अमेरिकेत बरेच जण कापून घेतात, सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेऊन खातात. तुझे पाहुणे जर्मन आहेत तेव्हा पहिली पद्धत शीक, पण दुसरी केलीस तरी कुणी नाव ठेवणार नाही. काट्याचे दात खालच्या बाजूला. दोन्हींच्या पाठीवर अंगठ्याजवळचं बोट सरळ ठेवायचं, खुरपं धरल्यासारखी मूठ वळायची नाही. काट्यानं तुकडा दाबून धरायचा आणि सुरी हलक्या हातानं मागं-पुढं करायची, जोर लावला की ताट वाजतं आणि तुकडा शेजाऱ्याकडं उडतो. एका वेळी एकच घास कापायचा, सगळं कापून ढीग करून ठेवायचा नाही. घरी उकडलेला बटाटा, ऑम्लेट आणि डोसा ह्यांच्यावर आठवडाभर प्रॅक्टिस कर, डोसा सगळ्यात अवघड, तो जमला की बाकी सगळं जमतं.

टेबलावर चमच्या-काट्यांची रांग दिसली तर घाबरू नको, बाहेरच्या बाजूनं सुरू करून आत यायचं. नॅपकिन मांडीवर. सूप पिताना चमचा आपल्यापासून लांबच्या दिशेनं भरायचा आणि आवाज न करता प्यायचं. ब्रेड सुरीनं कापायचा नाही, हातानंच तोडायचा, तुझी ब्रेडची प्लेट डावीकडची, ग्लास उजवीकडचा. मधे थांबलास तर काटा आणि सुरी ताटात एकमेकांकडं तिरकी ठेव, म्हणजे वेटर ताट उचलत नाही, आणि जेवण संपलं की दोन्ही शेजारी-शेजारी सरळ ठेव. चमचा खाली पडला तर वाकून शोधत बसू नको, दुसरा माग. सुरी तोंडात घालायची नाही. बास, एवढंच आहे.

जर्मन लोकांचं थोडं वेगळं सांगते. ते ग्लासला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यात बघतात, तूही बघ, ग्लासात ज्यूस असला तरी चालतं. हात मांडीवर लपवून बसत नाहीत, मनगटं टेबलाच्या कडेला टेकवलेली असतात. सगळ्यांचं ताट आल्याशिवाय सुरुवात करत नाहीत, हे तर तुला पंगतीवरून माहीतच आहे.

आणि जेवण भारतीय असलं तर रोटी बिनधास्त हातानं तोड. भात-दाल आली तर उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा, काट्यानं भात चमच्यावर ढकलायचा आणि चमच्यानं खायचं. थायलंडमध्ये बरेच जण असंच जेवतात, तिथं भाताचा काटा तोंडापर्यंत नेत नाहीत. पाहुण्यांनी विचारलं की तुम्ही घरी कसं खाता तर एक घास करून दाखव, त्यांना आवडतं.

आपल्या संभाजीनगरलाच १९७७ पासून सरकारची एसपीआय संस्था आहे, सैन्यात अधिकारी व्हायचंय अशा मुलांची तयारी करून घेणारी. खेड्यातली पोरं तिथून एनडीएत जातात, खडकवासल्याच्या मेसमध्ये काटा-सुरीनं जेवायला शिकतात आणि सुट्टीत गावी आली की चुलीपुढं बसून भाकरी मोडतात. सायकल शिकल्यावर चालणं विसरतो का कुणी? तुला हे आठ दिवसांत जमेल. डिनर झाल्यावर कसं झालं ते नक्की कळव.

प्रश्न : मुलीनं घरात दोन नियम लावलेत. आमटीचा भुरका मारायचा नाही आणि चहा बशीत ओतायचा नाही. माझं वय बासष्ट. (जालना)

उत्तर : दादा, येसर आमटी गरम असताना भुरक्याशिवाय पिताच येत नाही, भुरक्यानं ती जिभेवर पडेपर्यंत थोडी निवते. जपानमध्ये नूडल्स आवाज करून खाल्ले तर कुणाला वावगं वाटत नाही. बशीचंही तेच, पसरट भांड्यात चहा लवकर निवतो. घरी तुम्ही खुशाल बशीत प्या. मुलीच्या सासरची माणसं बघायला आलेली असतील त्या दिवशी तेवढा कप धरा, तिच्यासाठी. मात्र तोंड उघडं ठेवून मचमच करत चावायची सवय असेल तर तिचं ऐका, शेजारी बसलेल्याला तो आवाज खरंच सहन होत नाही.

प्रश्न : ताई मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम. शाळेनं नोटीस काढलीय की डबा फक्त काट्या-चमच्यानंच खायचा, हातानं खाल्लं तर डायरीत शेरा. मुलगी पोळी-भाजी चमच्यानं खाता येत नाही म्हणून अर्धा डबा परत आणायलीय. मॅडमना विचारलं तर म्हणल्या हायजिन. आमच्याकडं पाण्याची बोंब आहे हे खरं, पण हे पटत नाही. काय करावं? (लातूर)

उत्तर : मुलगी अर्धउपाशी राहतेय ही ह्यातली पहिली गोष्ट, बाकी सगळं नंतर. तोपर्यंत पोळीचे छोटे रोल करून द्या, किंवा धपाट्याचे चौकोनी तुकडे करून द्या, काट्याला लागतात.

आता हायजिनचं. दिवसभर दप्तरात पेन्सिलीच्या भुग्यात लोळलेला चमचा, तो न धुतलेल्या हातानं धरून, त्याच हातानं डब्याचं झाकण काढून खाल्लं तर त्यात कसलं आलंय हायजिन. चमच्यानं खा नाहीतर हातानं खा, जेवणाआधी साबणानं वीस सेकंद हात चोळून धुतलेले पाहिजेत, बोटांच्या मधे आणि नखांखाली. लातूरला पाण्याचं दुःख मी वेगळं सांगायला नको, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते सगळ्यांना आठवतंय. पण हात धुवायला पाणी फार लागत नाही. नळ सोडून दिला तर लागतं. कॅनला वरच्या अंगाला बारीक भोक पाडून तो आडव्या काठीला टांगायचा, कॅनच्या तोंडाला वेगळी दोरी बांधून तिचं दुसरं टोक पायाखालच्या काठीला बांधायचं, पायानं काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते, सोडली की बंद. कितीतरी खेड्यांतल्या शाळांनी असं केलंय, खर्च जवळपास काहीच नाही.

पालक सभेत एकट्या जाऊ नका, चार-पाच आया मिळून जा आणि नोटीस मागे घ्या असं न म्हणता हात धुवायची सोय करू असं म्हणा. १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो, शाळेला कार्यक्रम हवाच असतो. काटा-चमचा शिकवायचा असेल तर आठवड्यातून एक दिवस ठेवा, तो लेकरांना आवडेल. पण डायरीतला शेरा मात्र बंद झालाच पाहिजे, ह्यावर मागे हटू नका. भाकरी मोडली म्हणून सात वर्षांच्या लेकराच्या डायरीत लाल शाई, ही गोष्ट मला फार लागली.

प्रश्न : नात डावखुरी आहे, डाव्या हातानं जेवते. तिची आजी म्हणजे माझी बायको रोज तिच्या हातावर मारते.

उत्तर : आजोबा, ते मारणं आजच थांबवा. जगात दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो, ती सवय जन्मजात असते, वाईट वळण नसतं. उजव्या हातानं जेवायची आपली रीत हात स्वच्छ ठेवण्यासाठी पडली. आता घरात साबण आहे, तेव्हा तिनं जेवायचा हात धुवावा आणि दुसऱ्या हातानं वाढून घ्यावं, एवढं शिकवलं की झालं. पंगतीत तिला डावीकडच्या टोकाला बसवा म्हणजे शेजाऱ्याचा कोपर लागत नाही. प्रसादासाठी उजवा हात पुढं करायला प्रेमानं सांगा, तेवढं ती आनंदानं करेल.

प्रश्न : वडलांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतो, घास तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा खाली पडतो. चमचा दिला तर म्हणतात मला काय लहान लेकरू समजलास का, आणि ताट सारून देतात. आई भरवायला गेली तर जास्तच चिडतात. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस आहे ताई, बघवत नाही. (धाराशिव जिल्हा)

उत्तर : भाऊ, त्यांचा राग चमच्यावर नाही, हातातून एकेक गोष्ट सुटायलीय त्यावर आहे. म्हणून जे त्यांना स्वतःला करता येईल ते शेवटपर्यंत त्यांनाच करू द्यायचं, भरवणं सगळ्यात शेवटी.

आधी ताट बदला. सपाट ताटाऐवजी उभ्या काठाची परात किंवा खोल पितळी थाळी घ्या, घास काठाला टेकवून उचलता येतो. ताटाखाली ओला फडका घडी करून ठेवा म्हणजे ते सरकत नाही. ताट खाली असेल तर पाटावर उचलून घ्या, हाताला जेवढं अंतर कमी तेवढं सांडणं कमी. कोपर पाटावर टेकवून जेवू द्या. भात थोडा मऊ आणि वरण घट्ट ठेवा, पातळ आमटी वाटीत न देता जाड कानाच्या कपात द्या, अर्धाच भरून. पाण्याचा ग्लासही अर्धाच.

चमचा द्यायचा तर जड आणि जाड दांड्याचा. बारीक हलका चमचा थरथरत्या हातात जास्त हलतो. बाजारात असे चमचे मिळतात, नाही मिळाले तर घरच्याच चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा कापडाची पट्टी गच्च गुंडाळा. तो त्यांच्या पुढ्यात ठेवून द्या आणि विषय काढू नका. भाकरी मात्र हातानंच खाऊ द्या, तुकडे आधी स्वयंपाकघरात मोडून आणा, समोर बसून मोडू नका. गोळ्या कोणत्या वेळी घेतल्यावर हात त्यातल्या त्यात स्थिर असतो ते चार दिवस बघा, जेवण त्या वेळेला ठेवा, आणि डॉक्टरांना ते सांगा. घास गिळताना ठसका लागत असेल तर अंगावर काढू नका, लगेच दाखवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट नावाची माणसं नेमकं हेच काम करतात, जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा.

आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांच्याबरोबर एकाच वेळी जेवायला बसा. सांडलेलं जेवण झाल्यावर उचला, जेवताना नाही.

प्रश्न : पोरीचं लग्न मेमध्ये आहे. भाऊबंद म्हणतात पंगत पाहिजे, पोरीला बफे पाहिजे. म्हाताऱ्यांना उभ्यानं जेवता येत नाही आणि तरण्यांना खाली बसवत नाही. (बीड)

उत्तर : दोन्ही ठेवा, भांडू नका. बफेची अडचण अशी की एका हातात ताट धरलं की दुसऱ्या हातानं पुरी तोडताच येत नाही, म्हणून लोक पुरी दातानं तोडतात आणि वरण-भात सांडवतात, त्यात माणसांचा दोष नाही. तेव्हा बफेजवळ उंच टेबलं मांडा. पदार्थ एका हातानं खाता येतील असे ठेवा, पातळ आमटी तिथं नको. बाजूला पाट आणि खुर्च्या-टेबलांची एक पंगत कायम चालू ठेवा, तिथं घरची चार माणसं आग्रह करायला उभी पाहिजेत, आग्रह केटररच्या पोरांना जमत नाही. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर, काट्यांवर आणि प्लेटांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, केटररला आधीच बजावून सांगा. पळसाच्या पत्रावळी मिळाल्या तर बघा, मेमध्ये बिडात ताटं धुवायला पाणी कुठून आणणार? आणि ताटात उरलेलं टाकायला मोठा ड्रम नका ठेवू, तो बघितला की माणूस जास्त टाकतो.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळे काटा-चमचा करत बसलात म्हणून लिहितोय. आमच्या गावात सप्ताह असतो, काल्याच्या कीर्तनानंतर गावजेवण. आमच्या वस्तीची पंगत शेवटी बसते, बाजूला, ताटं आम्ही घरून न्यायची आणि वाढणारा वरून टाकतो, हात लागू नये म्हणून. मी पुण्याला शिकतो, मी जात नाही. आई-वडील जातात आणि म्हणतात, चालत आलंय, कशाला वाद. ह्याला टेबल मॅनर्समध्ये काय म्हणतात तेवढं सांगा. (एक विद्यार्थी, जालना जिल्हा)

उत्तर : ह्याला अस्पृश्यता म्हणतात भाऊ, आणि राज्यघटनेच्या १७ व्या कलमानं ती बंद केलेली आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. तुझं पत्र मी परत परत वाचलं. ह्या अंकातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुझं आहे. हातानं खाणाऱ्याला गावठी म्हणणारे आणि काट्यानं खाणाऱ्याला शिष्ट म्हणणारे, दोघंही ह्या पंगतीत मुकाट जेवून उठतात, ह्याचा मला मनापासून संताप आहे.

सप्ताहात कीर्तनकार एकनाथ महाराजांची गोष्ट सांगतात, श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी गावाबाहेरच्या भुकेल्या माणसांना घरात बोलावून वाढला आणि पैठणच्या ब्रह्मवृंदानं बहिष्कार टाकला तरी ते मागे हटले नाहीत. ही गोष्ट ऐकून डोळे पुसायचे आणि मंडपाबाहेर येऊन दोन पंगती मांडायच्या, हे कसं जमतं माणसांना? नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कधी जाऊन आलास का? तिथं लंगरमध्ये कोण कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा कुणी विचारत नाही, डोकं झाकून ओळीत बसायचं, रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची, गाडीतून उतरलेला आणि पायी आलेला शेजारी-शेजारी. ते आपल्याच मराठवाड्यात आहे, आपल्या गावापासून काही तासांवर.

आता करायचं काय. आधी आई-वडलांशी बोल, कारण तू पुण्याला परत जाशील, गावात त्यांना राहायचंय. ते नाही म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नको, त्यांनी काय काय सोसलंय ते तुला त्यांनी सांगितलेलंही नसेल. वस्तीतली आणखी चार-पाच घरं तयार होतात का बघ. मग गावातली तुझ्या वयाची पोरं, शाळेत तुझ्याबरोबर एका बाकावर बसलेली, त्यांना सरळ विचार की वाढायला माझ्याबरोबर उभे राहता का. दोघं-तिघं तरी हो म्हणतील. काल्याचं कीर्तन करणारे महाराज ठरले की त्यांना आधीच भेटा आणि त्यांनी वस्तीतल्या माणसांच्या शेजारी पंगतीत बसावं अशी विनंती करा. अशी विनंती मान्य करणारे महाराज असतात, त्यांना फक्त कुणी विचारत नाही. कुणी धमकावलं, मारहाण केली किंवा कुटुंबावर बहिष्कार टाकायची भाषा केली तर वाट बघायची नाही, पोलिसात लेखी तक्रार आणि तिची पोच घ्यायची, तोंडी सांगून परत यायचं नाही.

सप्ताहाआधी वर्गणीसाठी गावाची बैठक होते, वस्तीतूनही वर्गणी घेतात ना? मग तिथंच उभं राहून तीन गोष्टी मागा. पंगत एकच बसेल, ताटं सगळ्यांना गावाचीच मिळतील आणि वाढणारे सगळ्या गल्ल्यांतले असतील. हे वर्गणीच्या वहीत लिहून घ्या आणि खाली सह्या घ्या. बैठकीत काय झालं ते मला लिही, नाही म्हणाले तर पुढची पावलं वकिलांना विचारून ह्याच पानावर देते.